‘हे कोण वाजवायलंय?’

मागच्या अंकात लातूरच्या एका ताईंनी विचारलं होतं, लग्नाच्या बँडमध्ये वाकड्या सोंडेचं पितळी वाद्य असतं त्याला काय म्हणतात. सॅक्सोफोनबद्दल सांगता सांगता मी हिंदी सिनेमाच्या गाण्यांत तो वाजवणारे मनोहारी सिंग यांचं नाव घेतलं, तेही दोनच ओळींत. त्या दोन ओळींवर महिनाभर पत्रं येत राहिली. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यांच्यासाठी ठेवलंय. सोयाबीनच्या मळणीयंत्राबद्दल ज्यांनी विचारलं ते पत्र मी संपादकांकडे दिलंय, ते माझं काम नाही.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की मी अंबाजोगाईचा. १९७४ साली, सोळाव्या वर्षी, वस्तादांच्या बँडमध्ये आल्टो सॅक्सोफोन हातात घेतला आणि २०१२च्या लग्नसराईपर्यंत वाजवला. आता वाद्यं दुरुस्त करतो, कुणी शिकायला आलं तर शिकवतो.

सेलूहून एक निवृत्त शिक्षक लिहितात : मास्तर, ‘काश्मीर की कली’ आम्ही जत्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये पाहिला. तंबूत, खाली मातीत बसून. थोरला भाऊ सोबत होता. ‘है दुनिया उसी की’ लागलं. रफीसाहेबांची ओळ संपली की मधेच ते वाद्य बोलायचं. भावानं मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाला, ‘हे कोण वाजवायलंय रे?’ मला काय माहीत! त्यानं मशीनवाल्याला विचारलं, शाळेत संगीताच्या सरांना विचारलं, पुढं परभणीला नोकरीला लागल्यावर रेकॉर्डच्या दुकानदाराला विचारलं. कुणाला सांगता आलं नाही. भाऊ २००३ साली गेला. गेल्या महिन्यात तुमच्या उत्तरात नाव वाचलं आणि मी अंक हातात धरून बराच वेळ बसलो. त्या गाण्यात वाजवणारे हेच का? आणि हेच असतील तर आम्हाला ते इतकी वर्षं कळलं का नाही?

गुरुजी, हेच. १९६४चं गाणं, ओ. पी. नय्यर यांचं संगीत, आणि सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा.

तुमच्या भावाचा प्रश्न मी स्वतः किती जणांना विचारलाय ते सांगतो म्हणजे तुम्हाला एकटं वाटणार नाही. वस्ताद मला बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात पाठवायचे. तिथं रेडिओ दिवसभर चालू असायचा. मी एक चहा घेऊन बसायचो, खिशात पेन्सिल आणि उदबत्तीच्या पुड्याचा कागद. गाणं लागलं की मधला तुकडा सरगममध्ये लिहायचा. एका वेळी चार-पाच सूर हाती लागायचे, तोवर तुकडा संपायचा. मग पुन्हा ते गाणं कधी लागेल त्याची वाट पाहायची, कधी दोन दिवस, कधी दोन आठवडे. ‘गाता रहे मेरा दिल’मधला सॅक्सोफोन मला असा पूर्ण व्हायला एक पावसाळा लागला. सूर सगळे आले, पण वाजवणारा कोण ते आलं नाही. निवेदक सिनेमा सांगायचे, गायक सांगायचे, गीतकार सांगायचे, संगीतकार सांगायचे, तिथं थांबायचे. रेकॉर्डवरच्या गोल कागदावरही तेवढंच छापलेलं. सिनेमाच्या पाट्यांवर साठ-सत्तर वादकांची नावं द्यायची पद्धतच नव्हती. वादक सकाळी स्टुडिओत यायचे, समोरचा कागद वाचून वाजवायचे, रेकॉर्डिंगचे पैसे घेऊन दुसऱ्या स्टुडिओत जायचे. संध्याकाळी आपण जे वाजवलं ते कुठल्या सिनेमात जाणार हेही कित्येकांना ठाऊक नसायचं.

मनोहारीदांचं नाव पुढं पडद्यावर आलं ते वादक म्हणून नाही, राहुलदेव बर्मन यांचे सहायक म्हणून. बासुदेव चक्रवर्ती, मनोहारी सिंग आणि मारुतीराव कीर ही तीन नावं आर. डीं.च्या सिनेमांच्या पाट्यांवर असायची. बासु-मनोहारी या जोडीनं १९७६ साली ‘सबसे बड़ा रुपैया’ला स्वतंत्र संगीतही दिलं. पण सहायकाची पाटी वाचून, ‘अरे, रूप तेरा मस्तानामधला सॅक्सोफोन यांचाच’ असं कुणाला कळणार?

आता मला जे फार उशिरा कळलं आणि कळल्यावर मी वस्तादांच्या घरी पळत सांगायला गेलो, ते सांगतो. मनोहारीदा बँडवालेच! जन्म ८ मार्च १९३१, कलकत्ता, घराणं मूळचं नेपाळी. कलकत्त्याजवळ बाटानगरला बाटा कंपनीचा चपला-बुटांचा कारखाना, आणि कारखान्याचा स्वतःचा ब्रास बँड. बँडमास्तर हंगेरीचे. त्या बँडमध्ये हा मुलगा पोरवयात शिकला, आधी बासरी, पिकोलो म्हणजे छोटी बासरी, क्लॅरिनेट, मग सॅक्सोफोन. नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर, वाचायला तिथंच शिकला. पुढं कलकत्त्यात चौरंगीवरच्या फिर्पोज या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये रात्री वाजवायचा. तिथल्या गोऱ्या-काळ्या मंडळींकडून जॅझ कानात गेलं. संगीतकार सलील चौधरींनी आग्रह केला म्हणून १९५८ साली मुंबईला आला, आणि सचिनदेव बर्मन यांच्या ‘सितारों से आगे’त वाजवायला मिळालं.

वस्ताद तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. मी म्हणालो, ‘वस्ताद, ते बँडमधले आहेत.’ त्यांनी विचारलं, ‘कोणत्या बँडमधले?’ मी म्हणालो, ‘चपलांच्या कारखान्याच्या.’ ते म्हणाले, ‘मग बरोबर. चालत वाजवलेल्या माणसाचा दम आहे तो.’

गुरुजी, हे मला आजही पटतं. उन्हात, खांद्याला पट्टा, पायाखाली खड्डे, पुढं नाचणारी पोरं, अशात ज्यानं सूर हलू न देता वाजवलंय त्याचा श्वास वेगळा असतो. ‘है दुनिया उसी की’मधला लांब सूर ऐका. सुरुवातीला आहे त्याच वजनानं तो शेवटी ठेवलाय.

उदगीरहून एक आजी (पत्र नातवानं लिहून दिलंय) : माझे मालक बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. लगनाच्या दिवसांत पहाटे उठले की चहाच्या आधी तोंडात एक लाकडाची चपटी काडी धरून बसायचे. बोलायचे नाहीत. मी काही विचारलं तर हातानं थांब म्हणायचे. मला राग यायचा. आता ते नाहीत आणि ती काडी डब्यात हाय. ते काय करायचे ते मला कधी नीट सांगितलं नाही. तुम्ही सांगा.

आजी, नमस्कार करतो. ती रीड. सॅक्सोफोनचा आवाज पितळातून निघत नाही, त्या काडीतून निघतो. बोरूच्या जातीचा एक नळ असतो, फ्रान्सच्या दक्षिण भागात पिकतो. तो वाळवून, तासून, टोकाला कागदाइतका पातळ करतात. ती काडी माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या भागावर, बसवून फुंकली की थरथरते, आणि त्या थरथरीचा पुढं सूर होतो. कोरडी काडी थरथरत नाही. तिला आधी ओलं करावं लागतं, आणि पाण्यापेक्षा तोंडात धरून ओली केलेली नीट बसते, असं आम्ही सगळे जुने वादक मानतो. तुमचे मालक बोलत नव्हते कारण बोललं की टोक दाताला लागून चिरतं. एक रीड चिरली की त्या काळात दुसरी मुंबईहून मागवायची. लग्न आजचं आणि रीड येणार पंधरा दिवसांनी.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ला जातो. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघाला, मारुतीच्या पारावर थांबला, मानपानात अर्धा तास गेला, की तेवढ्यात रीड वाळून टोकाला लाट पडते. मग सूर फाटतो आणि लोक म्हणतात बँडवाला थकला. जाणता वादक थांबल्यावर माउथपीस तोंडातून काढत नाही. तुमचे मालक पारावर बसून, वाद्य मांडीवर घेऊन, नुसतंच तोंडात धरून बसलेले तुम्हाला आठवत असतील. ते आराम करत नव्हते, पुढच्या गाण्याची रीड जिवंत ठेवत होते.

डब्यातल्या काडीच्या जाड बाजूला पेन्सिलीनं काही आकडा किंवा खूण आहे का ते नातवाला पाहायला सांगा. आम्ही तीन-चार रीड आळीपाळीनं वापरतो आणि प्रत्येकीवर खूण करतो. चांगली रीड मोठ्या लग्नासाठी राखून ठेवायची असते. खूण असली तर ती त्यांची राखीव असेल.

काही पत्रांत प्रश्न नाही, आठवणच आहे. त्यातल्या तीन देतो.

परळीच्या एक बाई लिहितात, की बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची तेव्हा त्यांचे वडील दुकानाचं शटर अर्धं ओढायचे आणि शेजारच्या चार घरच्या बायका पोरांसकट दुकानात येऊन बसायच्या. ‘आराधना’ची गाणी लागायची त्या वर्षी ‘रूप तेरा मस्ताना’ सुरू झालं की आजी उठून आत जायची. ‘पण आतून म्हणायची, जरा आवाज वाढवा, बाजाचा तुकडा येईल आता.’

भोकरदनच्या एका शेतकरी दादांनी लिहिलंय, की १९७२च्या दुष्काळात ते रोजगार हमीच्या खडी फोडायच्या कामावर होते. तिथं मुकादमाकडं ट्रान्झिस्टर होता. दुपारच्या सुट्टीत गाणी लागायची. ‘गाण्याचे शब्द मशिनच्या आवाजात कळायचे नाहीत, पण ते वाद्य कळायचं.’ ते वाक्य मी वहीत उतरवून ठेवलंय.

किनवटच्या एका निवृत्त पोस्टमननी विचारलंय, मनोहारीदा गेले तेव्हा मी कुठं होतो. दादा, १३ जुलै २०१०ला मुंबईत ते गेले, वय ७९. मला दुसऱ्या दिवशी पेपरातून कळलं. बातमी छोटी होती. दिंड्यांचे दिवस, बाहेर रिमझिम. मी सॅक्सोफोनची पेटी उघडली, पण वाजवलं नाही. वस्ताद त्याआधीच गेलेले, ज्याला जाऊन सांगावं असं कुणी उरलं नव्हतं. वाद्य पुसून परत ठेवलं. संध्याकाळी धाकट्या भावानं ‘गाता रहे मेरा दिल’ मोबाइलवर लावलं आणि आम्ही दोघं जेवायचे थांबलो.

छत्रपती संभाजीनगरहून इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी : सर, मी अमेरिकेतला जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा फॅन आहे. आजोबांना ऐकवलं तर ते म्हणाले, हे आमच्या सिनेमातल्यासारखंच आहे. मित्र हसले, म्हणाले सिनेमातला सॅक्सोफोन म्हणजे जॅझ नव्हे. कोण बरोबर?

तुझे मित्र व्याख्येनं बरोबर, आजोबा कानानं बरोबर. मी आजोबांच्या बाजूनं थोडं जास्त बोलणार आहे.

जॅझमध्ये आधी धून वाजवतात, मग त्याच आवर्तनावर प्रत्येक वादक स्वतःचं, त्या क्षणी सुचेल ते मांडतो. आपल्या भजनात अभंगाची चाल सगळ्यांची असते, पण एखादा बुवा एकाच चरणावर अर्धा तास बसतो, तो विस्तार त्याचा एकट्याचा असतो. तसंच. सिनेमाच्या गाण्यात ही मुभा नाही. तीन-चार मिनिटांत सगळं, कडव्यांमधला तुकडा दहा-पंधरा सेकंदांचा, तोही बहुतेक वेळा लिहून दिलेला. त्या अर्थानं ते जॅझ नाही.

पण ते वाजवणारी माणसं कुठून आली ते बघ. मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवणारे, बरेचसे गोव्याचे, दिवसा स्टुडिओत बसायचे. चिक चॉकलेट या नावानं ओळखले जाणारे ट्रंपेटवाले ताजमध्ये वाजवायचे आणि आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे सहायक होते. शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यवृंद-लेखन गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझांचं. अभंग, लावणी, बंगाली लोकगीत आणि जॅझ एकाच खोलीत, एकाच मायक्रोफोनभोवती बसले. मनोहारीदा त्याच खोलीतले. गायकाची ओळ संपते आणि दुसरी सुरू व्हायची असते, त्या मधल्या इवल्या जागेत ते जो सूर टाकतात तो कागदावरचा वाटत नाही. गायकानं आत्ता काय म्हटलं ते ऐकून दिलेलं उत्तर वाटतं. आजोबांना तेच ऐकू आलं.

आणि तुझ्या कोल्ट्रेनबद्दल एक. आजोबांना सांग, ते खूश होतील. त्याचं आपल्या संगीताशी नातं होतं. पंडित रविशंकर यांची आणि त्याची भेट झाली होती. १९६१ साली न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये त्यानं ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली, आणि १९६५ साली मुलगा झाला त्याचं नाव रवी ठेवलं, पंडितजींवरून. रवी कोल्ट्रेनही सॅक्सोफोनच वाजवतो. बाप १९६७ साली गेला, चाळीस वर्षांचा होता.

वसमतहून सातवीतला मुलगा : आमच्या सरांनी सॅक्सोफोन पितळी वाद्यात लिहायला सांगितलं. पुस्तकात लाकडी सुषिर वाद्य लिहिलंय. खरं काय?

पुस्तक खरं. धातूचा असला तरी आवाज रीडनं होतो, म्हणून तो क्लॅरिनेटच्या घरातला. बेल्जियमच्या अॅडॉल्फ सॅक्स यांनी तो बनवला आणि १८४६ साली पॅरिसमध्ये पेटंट घेतलं. सरांना हे पान दाखव, वाद घालू नको.

गंगाखेडहून एक बँडमालक : आमचा कीबोर्डवाला पोरगा पांढरी एकमध्ये वाजवतो आणि सॅक्सोफोनवाला म्हातारा म्हणतो मी सा लावलाय, तरी जुळत नाही. दोघं भांडतात. सुपाऱ्या तशाच कमी झाल्यात, त्यात हे.

मालक, दोघंही खरं बोलतायत. आल्टोवर वादक ज्याला ‘सी’ म्हणतो तो सूर पेटीवरच्या काळी दोनसारखा ऐकू येतो. वाद्यच तसं घडवलेलं आहे. कीबोर्ड पांढरी एकमध्ये असेल तर आल्टोवाल्यानं ‘ए’ला सा धरायचा. कीबोर्ड काळी दोनमध्ये ठेवला तर आल्टोवाल्याला आपला ‘सी’च सा धरता येतो. म्हाताऱ्यांची बोटं जिथं बसलीत तिथं कीबोर्ड न्या. कीबोर्डला एक बटण दाबायचं आहे, त्यांना चाळीस वर्षांची सवय मोडायची आहे.

दुसरं म्हणजे, दुपारच्या लग्नाला सॅक्सोफोन तापला की त्याचा सूर चढतो. माउथपीस कॉर्कवर किंचित बाहेर ओढायचा, उतरतो. पावसाळ्यात उलट त्रास, चामड्याचे पॅड फुगून भोकाला चिकटतात. सिगारेटचा पातळ कागद पॅडखाली ठेवून किल्ली हलकी दाबायची, ओल टिपली जाते. तेल घालू नका.

सुपाऱ्यांचं मला माहीत आहे. आमचा बँड एकोणीस जणांचा होता, शेवटच्या वर्षी सात उरलो. डीजेच्या भिंतीसमोर सॅक्सोफोन कुणाला ऐकू येणार! पण तुमच्या गावात अजून एक म्हातारा आहे ज्याला सुरासाठी भांडावंसं वाटतं. त्याला नीट सांभाळा, मालक. जमलं तर त्याची चार गाणी मोबाइलवर भरून ठेवा, सुरुवातीला त्याला स्वतःचं नाव घ्यायला सांगा.

उमरग्याहून भजनी मंडळातले एक दादा : सॅक्सोफोनवर अभंग वाजवता येतो का? आमच्यातले काही जण म्हणतात ते इंग्रजी वाद्य, देवापुढं नको.

दादा, तुमच्या गावापासून कर्नाटकाची हद्द हाकेवर आहे, उत्तरही तिकडचंच देतो. कद्री गोपालनाथ, जन्म १९४९, दक्षिण कन्नडचे. वडील देवळात नागस्वरम, म्हणजे सनईसारखं लांब वाद्य, वाजवायचे, मुलगाही तेच शिकला. मग म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि ठरवलं, यावर कर्नाटक संगीत वाजवायचं. किल्ल्यांच्या वाद्यावर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि गमक (सूर हलवणं) आणणं फार अवघड. बासरीसारखं भोकावरून बोट सरकवता येत नाही, किल्ली एक तर उघडी नाहीतर बंद. त्यांनी वाद्यात बदल केले, ओठ आणि श्वास घडवले, आणि त्यात वीसेक वर्षं घातली. १९९४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवात वाजवलं. २००४ साली पद्मश्री मिळाली. ११ ऑक्टोबर २०१९ला ते गेले. कपाळाला गंध, अंगावर जरीचं, हातात सॅक्सोफोन, आणि समोर त्यागराजांची कृती. देवापुढं नको असं त्यांना कुणी शेवटी म्हणालं नाही. पेटीही साहेबांबरोबरच आली होती, दादा, आज तिच्याशिवाय तुमचं भजन बसतं का?

मी स्वतः योगेश्वरीच्या नवरात्रात पालखीपुढं वाजवलंय. मींड मला ओठानं अर्ध्या सुरापर्यंत येते, त्यापुढं येत नाही. तेवढ्यात बसणारे अभंग मी निवडतो.

जिंतूर तालुक्यातून एक मुलगी : मी दहावीची परीक्षा दिली. माळ्यावर आजोबांचा सॅक्सोफोन सापडला. ते मी लहान असताना वारले. घरात कुणालाच त्यांच्याबद्दल जास्त सांगता येत नाही, बँडमध्ये होते एवढंच म्हणतात. मी वाजवून पाहिला तर नुसती हवा आली. शेजारचे म्हणतात कटकट. मोठे काका म्हणतात पोरीनं बँडचं वाद्य वाजवायचं नाही. आई काही म्हणत नाही. पितळ काळं पडलंय, चिंचेनं घासू का?

बेटा, आधी शेवटचं. चिंच नको, लिंबू नको, पितांबरी तर मुळीच नको. वरचं लाखेसारखं कवच निघून जातं आणि ते पाणी शिरून स्प्रिंगा गंजतात. मऊ सुती कापडानं कोरडं पूस, बस्स. हवा निघून जाते कारण पॅड वाळून आकसलेत, भोकं झाकत नाहीत. त्यात तुझी चूक नाही. पॅड मी बदलून देईन. वाद्याचा सांगाडा वाकलेला नसला तर महिन्याभरात ते बोलायला लागेल.

काकांशी मी भांडणार नाही, पण त्यांना माझा निरोप दे. माझ्याकडे आतापर्यंत अकरा मुलं शिकली आणि दोन मुली. पहिल्या चार महिन्यांत लांब सूर धरायचा असतो, एकच सूर, रोज वीस मिनिटं. मुलं दुसऱ्या आठवड्यात गाणं मागतात. दोघी मुलींनी चार महिने तो सूर धरला. त्यातली एक आज शाळेत संगीत शिकवते.

शेजाऱ्यांची अडचण मात्र खरी आहे, आणि ती जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या वादकालाही आली. सनी रोलिन्स हा अमेरिकेतला सॅक्सोफोनचा फार मोठा माणूस. १९५९ साली नाव शिखरावर असताना त्यानं कार्यक्रम बंद केले, म्हणाला मला अजून शिकायचंय. घराशेजारी एक गरोदर बाई होती, तिला त्रास नको म्हणून तो न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवायचा. खाली नदी, शेजारून आगगाडी, हिवाळ्यातसुद्धा, तासन्‌तास, १९६१पर्यंत. पुढं हाच माणूस आपल्या मुंबईत पवईच्या आश्रमात योग आणि वेदान्त शिकायला येऊन राहिला होता. तुमच्या शेतात विहीर असेल. विहिरीकडं तोंड करून वाजव, सूर फिरून आपल्याच कानाशी येतो, चूक लगेच कळते. मी तसाच शिकलो. सोबत कुणाला तरी घेऊन जा, आणि वाजवून झालं की रीड काढून, पुसून, डबीत ठेव, माउथपीसवर सोडू नको.

परीक्षेचा निकाल लागेपर्यंत तुला वेळ आहे. आईला घेऊन ये. जिंतूरहून परभणी, गंगाखेड, परळी करत एसटी येते, सकाळी निघालीस तर दुपारी पोचशील. बसस्टँडवर सॅक्सोफोनवाल्या मास्तरांचं घर कुणीही सांगेल. वाद्य पेटीसकट आण, ओढणीत गुंडाळून नको, किल्ल्या वाकतात. रीड विकत घेऊ नको, माझ्याकडची दोन नंबरची देईन. पेटीच्या कप्प्यात आजोबांच्या जुन्या रीड सापडल्या तर त्याही आण.

आणि येण्याआधी एक पोस्टकार्ड टाक, त्यात आजोबांचं नाव लिही. पत्रात तुझं ते लिहायचं राहिलंय. जिंतूरकडचे आल्टोवाले दोघं-तिघं होते, मोठ्या लग्नांत आमचे बँड समोरासमोर यायचे. त्यातला एक जण मध्यरात्री सगळं आवरल्यावर मांडवाच्या मागं एकटाच ‘है दुनिया उसी की’ वाजवत बसलेला मी ऐकलाय, १९८१ किंवा ८२ साली, आणि अंधारात जाऊन विचारायचं माझ्याकडून राहिलं.